वीतभर उघडी भिंत

"कोणी लिंपली ही जागा? … मले सांग, कोणाच्या हुकमानं लिंपली?"

विमलताईंच्या हातातली भाजीची पिशवी उंबऱ्यातच सुटली, टमाटे घरंगळत ओसरीभर झाले, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. दारातून आत पाऊल टाकताच जी पहिली डोळ्यांत भरते ती समोरची भिंत आज वरपासून खालपर्यंत सायीच्या रंगानं गुळगुळीत झाली होती… आणि तिच्या मधोमध, छातीच्या उंचीवर, इतकी वर्षं उघडी असलेली विटांची ती वीतभर जागा जणू कधी नव्हतीच!

शिडीवर उभा असलेला शाहिद घाबरून खाली उतरला. लोहारा गावातली निम्मी घरं रंगवणारा हा ठेकेदार म्हणजे निजामुद्दीन पेंटरचा नातू. हे घर त्याला परकं नव्हतं.

"काकी, मी बोललो होतो रजतभैयाला," तो हातातलं फडकं चुरगाळत म्हणाला. "आमचे दादाजान सांगून गेलते, याकूबभाईच्या त्या जागेला कोणी हात नाही लावायचा म्हणून. पण भैया म्हणले, पत्रकार येऊन राह्यले, फोटो निघणार, पुट्टी भरून एकसारखं करून टाक."

"एकसारखं!" विमलताई कडाडल्या. "याच्या बापानं जन्मभर जे जपलं ते याले एकसारखं कराचं होतं!"

बोलल्या आणि त्या स्वतःच थबकल्या. कारण खरं सांगायचं तर या घरात त्या जागेचा दुस्वास कोणी केला असेल, तर तो विमलताईंनीच! दर दिवाळीला चुना काढावा, साऱ्या भिंती लख्ख कराव्या आणि नेमकी समोरची ती वीत चुकवून कुंचा फिरवावा… शेजारणींनी तोंडाला पदर लावून "विमलताई, चुना संपला का वं?" असं विचारावं, आणि यांनी हसण्यावारी न्यावं. लग्नानंतर हे घर बांधलं तेव्हा त्यांनी नवऱ्याला एकदाच विचारलं होतं, ही एवढी जागा काहून सोडली म्हणून. तो म्हणाला होता, "आमच्यात तसंच असते. एक घर पडलेलं असलं का दुसरं घर पुरं नाही करत. नियम हातभराचा आहे, पण आपलं घरच एवढंसं, म्हणून वीतभर."

त्यावर त्यांनी पुढं काही विचारलं नाही. पडलेलं घर म्हणजे त्याचंच, सात समुद्रांपलीकडचं, हे त्यांनी मनाशी धरलं. तिथं त्याचे आजोबा-आजी, मामा, मावश्या लढाईच्या दिवसांत नुसते ज्यू म्हणून मारले गेले होते. त्या मेलेल्या माणसांबद्दल विमलताईंच्या मनात करुणाच होती. पण करुणा कितीही असली तरी बाईमाणसाला हे सलतंच ना, की आपल्या संसारात वीतभर का होईना, एक जागा आपली नाही… आपण रक्ताचं पाणी केलं तरी ती भरत नाही! हा सल त्यांनी कोणाला दाखवला नव्हता. आणि आज ती जागा बुजली, तर सुटल्यासारखं वाटायचं सोडून त्यांच्या पायांखालची जमीन का सरकावी?

आतल्या खोलीतून खुर्चीचा आवाज आला. उजवी बाजू लुळी पडल्यापासून विमलताईंचा नवरा याकोब चाकाच्या खुर्चीत बसायचा. त्यानं डाव्या हातानं खुर्ची बाहेर त्या भिंतीपाशी रेटत आणली, तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या गळ्यातून असा काही आवाज निघाला की शाहिदनं मान फिरवली.

"श्वोगर!" डावी मूठ भिंतीवर आपटत तो ओरडला. "श्वोगर… श्वोगर!"

आवाज ऐकून रजत धावत आला. "बघ आई! पुन्हा शुगर, शुगर. मी म्हणत नव्हतो? यांना आतून जाणवतंय काहीतरी. सकाळच्या चहात साखर घातली होतीस का तू?"

विमलताईंनी मुलाकडे असं पाहिलं की पन्नाशीला टेकलेला, पुण्यात चार माणसं हाताखाली बाळगणारा रजत दोन पावलं मागं सरकला.

झटका आल्यापासून याकोबची वाचा गेली होती असं म्हणावं तर तेही खरं नव्हतं. गेली होती ती मराठी! या जिल्ह्यात आल्यावर बाजारात, ट्रकवाल्यांत, निजामुद्दीनच्या दुकानात कमावलेली, 'मले' आणि 'काहून'वाली ती गोड वऱ्हाडी एका पहाटेत पुसली गेली, आणि उरली ती आईच्या मांडीवर शिकलेली बोली. घरातल्या कोणालाच तिचं अक्षर कळत नव्हतं. ऐकून ऐकून एकच शब्द ओळखीचा वाटला, तो 'शुगर'. डॉक्टरांनी रक्त तपासून काहीच नाही म्हणून सांगितलं, तरी रजतनं फोनवरून फर्मान काढलं की बाबांची साखर बंद. निजामुद्दीनच्या दुकानात आयुष्यभर गोडमिट्ट चहा प्यालेला हा माणूस आता फिका चहा तोंडात धरून बायकोकडे केविलवाणा बघायचा, आणि त्या पदरानं त्याचं तोंड पुसायच्या. 

त्या दिवशी मात्र त्यानं चहाही घेतला नाही. ताट परत गेलं. संध्याकाळी त्याला पलंगावर घेतलं, तर त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशीही तेच. विमलताईंनी वरणभात कालवून घास ओठांशी नेला, तर ओठ घट्ट मिटलेले…

"अहो, माह्यावर राग आहे का? मी नाही केलं हो ते," त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "काय पाहिजे ते सांगा ना. कायले असं करून राह्यले?"

त्यानं डोळे उघडले, खोलीच्या दारातून बाहेरच्या भिंतीकडे डाव्या हाताचं बोट केलं आणि पुटपुटला, "श्वोगर." मग पुन्हा डोळे मिटले. हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत अन्नावाचून जाणार, आणि जाताना काय मागत होता तेसुद्धा आपल्याला कळणार नाही, या विचारानं विमलताईंनी घास तसाच ताटात ठेवला.

आणि अशा वेळी घरात चाललं होतं काय? तर सत्काराची तयारी! रविवारी यवतमाळच्या सभागृहात 'आपल्या मातीतला कलावंत' म्हणून याकोबच्या चित्रांचं प्रदर्शन आणि शाल-श्रीफळ. मुंबईहून कोणी जाणकार येऊन गेले, त्यांनी चार शब्द छापले, आणि सारा जिल्हा जागा झाला. आपल्या मातीतला म्हणे! निमंत्रणपत्रिकेवरचे ते शब्द वाचून विमलताईंना हसावं की रडावं ते कळेना.

याकोब झिल्बर जन्मला तो पोलंडातल्या लोद्झ गावी, कापडाच्या गिरण्यांच्या धुरात. बाप मागांचा फिटर. तो तरणाबांड असताना तिथल्या सरकारला अचानक आठवण झाली की हे ज्यू आपले नव्हेत. हातात कागद दिला, त्यावर लिहिलं होतं की हा धारक या देशाचा नागरिक नाही. आहे कोणाचा, ते मात्र लिहिलं नव्हतं! आईबाप खचून एकापाठोपाठ गेले. रंगांची पेटी घेऊन हा पोरगा जहाजानं मुंबईला उतरला, सेवाग्रामला सूत कातायला गेला, आणि तिथं कोणीतरी सांगितलं की गिरण्यांना लागतो तो कापूस बघायचा असेल तर यवतमाळला जा. तो आला. ऐन वेचणीचे दिवस होते. शेतांमागून शेतं पांढरी झालेली बघून तो बांधावर बसला आणि तिथून या जिल्ह्याबाहेर म्हणून गेला नाही.

पण ही 'आपली माती' त्या वेळी त्याला खोली द्यायला तयार नव्हती. गोरा आहे, हेर असेल. ख्रिश्चन आहे, नाही, पारशी आहे, नाही, त्याहून भलतंच काहीतरी आहे! शेवटी निजामुद्दीन पेंटरनं बसस्टँडजवळच्या आपल्या दुकानाच्या माळ्यावर त्याचं अंथरूण टाकलं. "याकोब म्हणजे आमचा याकूब. नाव तर घरचंच आहे," असं म्हणून त्यानं त्याच्या हातात पाट्या रंगवायचा ब्रश दिला. मग याकूब पेंटरनं कापसाच्या जिनिंग कारखान्यांच्या पाट्या लिहिल्या, ट्रकच्या पाठी रंगवल्या, सिनेमाचे मोठाले चेहरे काढले. उरलेल्या वेळात स्वतःची चित्रं. ती कोणी पाहिली नाहीत. पाटीवाला पेंटर आणि चित्रकार यांत काही फरक असतो हे कोणाच्या गावी नव्हतं, आणि पुढं फ्लेक्सची मशीनं आली तेव्हा पाटीवाला पेंटरही कोणाला लागेनासा झाला. तेव्हा या घराची चूल कशावर पेटली? विमलताईंच्या शिलाईवर! गावभरच्या बायकांचे ब्लाउज शिवून शिवून त्यांची नजर गेली, बोटांना घट्टे पडले, पण नवऱ्याच्या रंगांना त्यांनी कधी खंड पडू दिला नाही.

त्यांनी त्याला निवडलं ते आपल्या माहेरी, नेर गावी. तिथल्या मुलींच्या शाळेत त्या शिक्षिका होत्या आणि हा पाटी रंगवायला आलेला. 'मुलींची शाला' असं त्यानं झोकात लिहिलं. त्यांनी खडूनं 'ळ' काढून दाखवला, तर हा गोरा माणूस कान धरून हसला. पुढं त्या 'ळ'चं लग्न झालं, तेही कचेरीत, चोरून. थोरल्या भावानं, सदाशिवरावांनी, आईबाप गेल्यावर पोटच्या पोरीसारखी वाढवलेल्या बहिणीला फाटकातूनच परत पाठवलं. "जातीचा ना धर्माचा, देशाचासुदिक नाही! जा. आजपासून हे दार तुले बंद," असं म्हणाले. शाळेनंही दुसऱ्याच महिन्यात नारळ दिला. विमलताईंनी त्या दिवशी घरी येऊन नवऱ्याला शपथ घातली होती, की नेरचं नाव या घरात काढायचं नाही. मी मेले तरी त्या फाटकाशी जाणार नाही! त्यानं खाली मान घालून शपथ घेतली आणि ती पाळली.

असा तो माणूस. आणि आता त्याच्या गळ्यात हार घालायला ही वरात निघाली होती! पुढं मिरवायला रजत. शाळेत असताना "माझे बाबा पारशी आहेत" असं दोस्तांना सांगणारा रजत! विमलताईंच्या अंगाची नुसती लाही लाही होत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी रजत ओसरीवर चित्रं निवडत बसला होता, मदतीला त्याची बायको नयन. ही सून मूळची पुण्याची, एका जर्मन कंपनीच्या कचेरीत दुभाष्याचं काम करणारी, आणि विमलताईंच्या मते जरा शिष्टच. सासऱ्याच्या आजारपणानंतर ती प्रथमच, आदल्या रात्री उशिरा, इथं आली होती.

"ही फाटकाची दोनतीनच ठेवू," रजत म्हणाला. "ढीगभर आहेत, सगळी सारखी. बाबांनी तरी एकच फाटक किती वेळा काढावं!"

"सारखी कुठं आहेत?" नयन ती भिंतीला लावून ओळीनं मांडत म्हणाली. "बघ, कडुनिंब प्रत्येकात वाढलाय. या पहिल्यात रोप आहे, आणि इथं पार छपरावर आलाय. दर वर्षी तिथंच बसून काढलेत. आई, हे फाटक कुठलं हो?"

विमलताई चहाचा कप घेऊन चालल्या होत्या. त्यांनी सहज पाहिलं… आणि कप तिथंच खाली ठेवला. लोखंडी फाटक. उजव्या खांबाची वरची वीट निखळलेली. लहानपणी त्यांनीच झोका घेताना पाडलेली ती वीट! नवरा दर वर्षी वेचणीच्या दिवसांत 'बाजाराची चित्रं काढाले चाललो' म्हणून एक दिवस जायचा. कुठल्या बाजाराची ते त्यांनी कधी विचारलं नाही, आणि शिलाईच्या रगाड्यात ती चित्रं कधी उलगडूनही पाहिली नाहीत.

"नेर," त्या कशाबशा म्हणाल्या. "माहं माहेर…"

तेवढ्यात आतून क्षीण आवाज आला. "श्वोगर…"

नयननं चमकून मान वर केली. "काय म्हणाले बाबा?"

"शुगर. तेच चाललंय," रजत म्हणाला.

"शुगर नाही रे! नीट ऐक." ती उठून आत गेली, सासऱ्याच्या पलंगाशी गुडघे टेकून बसली आणि हळूच म्हणाली, "श्वागर?"

याकोबनं झटकन मान वळवली. मिटून घेतलेले डोळे लख्ख उघडले. "यो… यो! श्वोगर!" तो होकाराची मान हलवत म्हणाला, आणि डावा हात पुन्हा त्या भिंतीकडे!

"आई, यांची घरची बोली जर्मनच्या जवळची आहे," नयन घाईघाईनं म्हणाली. "जर्मनमध्ये श्वागर म्हणजे… बायकोचा भाऊ. मेहुणा. बाबा साखरेबद्दल बोलतच नाहीयेत. ते तुमच्या भावाला बोलावतायत!"

 विमलताई पलंगाच्या काठावर बसल्या. एक घर पडलेलं असलं का दुसरं घर पुरं नाही करत… कोणाचं घर? हे विचारायचंच राहून गेलं होतं!

"अहो," त्यांनी नवऱ्याचा हात दोन्ही हातांत धरला, "ते पडलेलं घर… माहं होतं? माह्या दादाचं? त्यासाठी सोडली होती तुमी ती जागा?"

शब्द त्याला कितपत कळले देव जाणे, पण 'दादा' कळला. त्यानं मान हलवली, आणि त्याच्या डोळ्यांतून जे पाणी वाहू लागलं ते थांबेना. बायकोनं शपथ घातली म्हणून त्यानं नेरचं नाव काढलं नव्हतं. पण आपल्यापायी तिचं माहेर तुटलं ही गोष्ट त्यानं रोज, दारातून आत येताना, स्वतःला दाखवली होती. आणि त्या वेड्या बाईनं त्या जागेचा जन्मभर मत्सर केला होता!

विमलताई उठल्या. स्वयंपाकघरातून लोखंडी उलथनं आणलं आणि त्या गुळगुळीत भिंतीवर खरवडायला सुरुवात केली. पांढरी पुट्टी खपल्याखपल्यांनी खाली पडू लागली.

"आई, काय करतेस? उद्या पत्रकार येणार आहेत!"

"येऊ दे. त्याईले म्हणा, बुढी पागल झाली." त्यांचे हात थांबेनात. "तुले लाज वाटते ना उघड्या विटांची? बापाच्या नावाची लाज वाटली, भाषेची लाज वाटली, आता हार घालाच्या वक्ती भिंतीची वाटून राह्यली!"

रजतचं तोंड उतरलं. "आई, मला खरंच माहीत नव्हतं…"

"तुले कायचं माहीत असते?" त्या म्हणाल्या खऱ्या, पण माहीत तर त्यांनाही नव्हतं. विटा उघड्या झाल्या तशी त्यांनी साडीच्या पदरानं त्यांवरची धूळ टिपली, पायात चपला सरकवल्या आणि कोणालाही बरोबर न घेता बसस्टँड गाठलं. मी मेले तरी जाणार नाही असं ज्या तोंडानं म्हटलं होतं, त्याच तोंडानं त्यांनी कंडक्टरकडे नेरचं तिकीट मागितलं.

फाटकालगत कडुनिंब चित्रात होता तसाच उभा होता. फाटकाला हात लावायला त्या पुढं झाल्या आणि पाहतात तो काय, कडी लोंबत होती. फाटक नुसतं लोटलेलं. आणि त्या क्षणी त्यांना आठवलं, ओसरीवरच्या एकूण एक चित्रात ही कडी अशीच लोंबती काढलेली होती! नवऱ्यानं डोळ्यांनी पाहिलं ते खरं तसंच रंगवलं होतं, पण ज्या दारातून बायकोला परत पाठवलं त्या दारातून तो एकटा आत कसा जाणार होता?

अंगणात कापसाच्या ढिगाशेजारी खाटेवर सदाशिवराव बसले होते. ऐंशी ओलांडलेले, हातात काठी, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यांनी मान वर केली.

"आली?" ते म्हणाले. जणू बहीण सकाळी पाण्याला गेली होती आणि आता परत आली!

त्या एका शब्दानं विमलताईंचा बांध फुटला. "आली! कारण माहा नवरा मरून राह्यला घरी! दादा, तो दर साल इथं, या फाटकासमोर येऊन बसला. तुले दिसला नाही? माणूस होता तो, दगड नव्हता! घोटभर पाणी तरी दिलं का तू त्याले?"

"दिसला," म्हातारा जमिनीकडे पाहत म्हणाला. "दर साल दिसला. मी या खिडकीतून पाहो. मले वाटे, तूच पाठवते त्याले, मले हिणवाले. का पाहा, तुह्या दारासमोर बसून तुह्या घराचं चित्र काढतो, काय करतं ते कर."

"मले तर मालूमही नव्हतं रे!"

"मले काय मालूम?" सदाशिवरावांनी काठी जमिनीवर आपटली. "दार बंद म्हणलं मी… रागात म्हणलं. पण विमल, कडी कधीच नाही लावली. तुह्या वहिनीनं मरेपर्यंत लावू नाही दिली. मी वाट पाहत होतो, का येईल, ढकलून येईल. लहानपणी येत होती तशी!"

"अन् मी वाट पाहत होती का तू बोलावशील!" त्या संतापानं, दुःखानं आक्रोशल्या. "तू तिथं अन् मी तिथं, दोघं सख्खे बहीणभाऊ हट्ट करून बसलो! आला कोण? तर ज्याचं तुह्याशी रक्ताचं नातं नाही तो! तुह्यासाठी त्यानं आपल्या घराची भिंत पुरी केली नाही, दादा! उघड्या विटा ठेवल्या जन्मभर. अन् आता त्याची मराठी गेली, सारं बोलणं गेलं, तरी तुले हाक मारून राह्यला. आमाले वाटलं शुगर म्हणतो, म्हणून आमी त्या माणसाचा गोड चहा बंद केला!"

बोलता बोलता त्या तिथंच, कापसाच्या ढिगाशी बसल्या आणि ओंजळीत तोंड लपवून लहान मुलीसारख्या रडल्या.  सदाशिवराव काठीवर जोर देऊन उठले, घरात गेले, आणि बाहेर आले ते हातात एक टोपलं घेऊन.

"आईची पांढरी माती आहे," ते म्हणाले. "ती दर सणाले हिचाच पोतारा द्याची भिंतीले. चाल."

गड्याला सांगून त्यांनी गावातली गाडी बोलावली.  विमलताईंचा राग अजून उतरला नव्हता. इतक्या वर्षांचा राग एका टोपल्यात मावतो थोडाच! पण गाडी खड्ड्यात आदळली तेव्हा त्यांनी भावाच्या दंडाला धरलं आणि मग तो हात सोडला नाही.

लोहाऱ्याच्या घरात पाऊल टाकताच सदाशिवराव त्या भिंतीसमोर थांबले. उघड्या विटांवरून त्यांनी बोटं फिरवली. मग खोलीच्या दारात गेले आणि तिथंच अडले. जन्मभर ज्याला 'तो गोरा' याशिवाय काही म्हटलं नाही, त्याला आता हाक तरी काय मारायची?

"जवाई…" कसंबसं त्यांच्या तोंडून निघालं. "जवाईबुवा, मी आलो."

पलंगावरचा माणूस वळला. अर्ध्या लुळ्या चेहऱ्यावर असं हसू उमटलं की नयननं तोंडात पदर कोंबला. "श्वोगर," तो म्हणाला. ओरडला नाही, मागितलं नाही. नुसतं नाव घ्यावं तसं म्हणाला. ताठ मानेचा तो म्हातारा शेतकरी पलंगाशी खाली बसला आणि मेहुण्याच्या लुळ्या हातावर कपाळ टेकून हमसून हमसून रडू लागला.

नंतर माती कालवली ती रजतनं. सदाशिवरावांनी आपल्या हातानं ती विटांवर थापली, आईसारखी, बोटांनी गोल फिरवत. याकोबची खुर्ची शेजारीच होती. जागा भरत आली, अंगठ्याएवढी वीट तेवढी उरली, तसा त्यानं डावा हात पुढं करून सदाशिवरावांचं मनगट धरलं आणि मान हलवली. तेवढी राहू द्या.

 विमलताईंना कळलं. एक घर अजून पडलेलंच होतं, लोद्झमधलं. आणि ते बांधून द्यायला कोणाचाही भाऊ येणार नव्हता. त्यांनी त्या अंगठाभर विटेला हात लावून तो हात कपाळाला नेला, आणि या वेळी त्यांच्या मनात मत्सराचा लवलेशही नव्हता.

मग त्या चुलीपाशी गेल्या. आधण ठेवलं, पत्ती टाकली आणि डबा उघडून साखर घातली, भरभरून, निजामुद्दीनच्या दुकानात घालायचे तशी.

"आई!" रजत सवयीनं म्हणाला. "अगं, बाबांची शुगर…"

विमलताई चमचा उगारून वळल्या. डोळे भरलेले, आणि आवाजात तोच जुना कडकडाट!

"गप बस! शुगर शुगर करून माह्या माणसाले इतके दिवस फिका चहा पाजला! शुगर आली ना आता घरी… बसली ना पाटावर! जा, पहिला कप मामाले दे."